फाटकाची पत

बाघ नदीवरचा पूल ओलांडून राजेगावात शिरले की महाराष्ट्र मागे पडतो आणि मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा लागतो. धानाच्या बांध्या त्याच राहतात, मराठी आणि पोवारी कानांवर पडत राहते, ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्याही तशाच धावत असतात. बदलतात ती कार्यालये. याच मुलखातून गोंदिया-बालाघाट रेल्वेमार्ग जातो. बिरसोला स्टेशन महाराष्ट्रात, खारा आणि हट्टा रोड मध्य प्रदेशात. मार्ग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाचा आणि त्या रेल्वेचे मुख्यालय छत्तीसगडात, बिलासपूरला. फाटक नीट चालते तोवर तीन राज्यांच्या या गुंत्याशी कुणाला कर्तव्य नसते. ते बिघडले की मात्र रस्त्यावर खोळंबलेल्या माणसाला काय झाले आहे ते सांगायचे कुणी, हा प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते फाटकांच्या सुरक्षेतला सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हाच आहे. दांडा, दिवा, घंटा ही सारी सामग्री खरी. पण इशाऱ्याचे बळ येते ते लोकांनी त्यावर ठेवलेल्या भरवशातून. बाजारातल्या पतीसारखा तो हळूहळू जमतो आणि झटक्यात बुडतो. रेल्वे आपल्या यंत्रांचे बिघाड नोंदवते, किती मिनिटांत दुरुस्ती झाली तेही लिहिते. त्या बिघाडापायी रस्त्यावरच्या माणसाचा किती विश्वास उडाला, हे कुठल्याच वहीत चढत नाही.

हा विश्वास आज इतका महत्त्वाचा का झाला, हे या मार्गाच्या इतिहासावरूनच कळते. बंगाल नागपूर रेल्वेने १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अडीच फूट रुंदीचा नॅरोगेज मार्ग खुला केला. पुढची शंभर वर्षे या भागात धावली ती छोटी गाडी. ती संथ होती, वाफेच्या काळात तिचा धूर झाडांवरून दिसायचा, आणि रूळ ओलांडणारा माणूस स्वतःच्या डोळ्या-कानांवर विसंबून राहू शकत होता. या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदिया-बालाघाट टप्पा ब्रॉडगेज झाला. थेट जबलपूरपर्यंतचा मार्ग जोडला जायला २०२०-२१ उजाडले. पाठोपाठ वीजही आली. आता ही उत्तर-दक्षिण वाहतुकीची वाट झाली आहे. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी दर सेकंदाला जवळपास २८ मीटर पुढे सरकते. फाटकाआधी चालकाने सीटी वाजवावी म्हणून रुळांच्या कडेला ‘सी/फा’ अशी पिवळी पाटी असते. ती ६०० मीटरवर असेल तर सीटी ऐकू आल्यापासून इंजिन फाटकावर पोचायला उणीपुरी २२ सेकंदे मिळतात. धानाने भरलेली ट्रॉली एखाद्या रुळात अडखळली तर २२ सेकंदांत काहीच होत नाही, आणि भरधाव गाडीला ब्रेक लावून थांबायला किलोमीटरभर जागा लागू शकते. म्हणजे जे काम शंभर वर्षे डोळे-कान करत होते ते आता यंत्राकडे गेले आहे. माणसाने स्वतःच्या इंद्रियांपेक्षा त्या यंत्रावर जास्त विश्वास ठेवावा अशी आपली मागणी आहे. ती योग्यच आहे. पण अशी मागणी करणाऱ्याने आपला शब्द पाळला पाहिजे.

सिग्नलच्या विद्येचा पाया एका सुंदर कल्पनेवर उभा आहे. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्याने रुळांतूनच वीज खेळवण्याची पद्धत बसवली. रूळ मोकळे असतील तर वीज वाहते आणि ती एक रिले उचलून धरते. गाडीची चाके रुळांवर आली की वीज मधूनच परतते, रिले पडते आणि सिग्नल लाल होतो. यातले मर्म असे की तार तुटली, बॅटरी संपली किंवा रूळ तडकला, तरी रिले पडते आणि सिग्नल लालच होतो. यंत्राला शंका आली की ते धोका आहे असेच सांगते. गेली दीडशे वर्षे या तत्त्वाने असंख्य जीव वाचवले आहेत आणि त्याच्याशी माझे भांडण नाही. पण हे तत्त्व रुळांवर जसे पूर्ण आहे तसे रस्त्यावर नाही. इंजिनाच्या चालकाला लाल सिग्नल दिसला तर पुढे काय करायचे हे नियमाने ठरवून दिले आहे. ‘जी’ अक्षराची पाटी असलेला फाटकाचा सिग्नल लाल असेल, तर त्याने सीटी वाजवून गाडी थांबवायची, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे वाट पाहायची, मग जपून फाटकापर्यंत यायचे. गेटमन हाताने इशारा करत असेल तर पुढे जायचे, गेटमनच नसेल तर इंजिनावरच्या माणसाने फाटक बंद असल्याची खात्री करून गाडी पुढे काढायची. म्हणजे विनाकारण लाल झालेल्या सिग्नलचे काय करायचे, याचे उत्तर चालकाच्या हाती आहे. त्याच क्षणी, त्याच फाटकाच्या दुसऱ्या अंगाला उभ्या असलेल्या मोटारसायकलवाल्याच्या हाती काय आहे? रेल्वे अधिनियम १९८९ चे कलम १६०. बंद फाटक परस्पर उघडले तर तीन वर्षांपर्यंत आणि तोडले तर पाच वर्षांपर्यंत कैद. काय करू नये एवढे ते सांगते. पाऊण तास फाटक उघडलेच नाही तर कुणाला विचारायचे, ते सांगत नाही.

या उणिवेतून पत बुडते. फाटक पडल्यावर दोन-तीन मिनिटांत गाडी धडधडत गेली तर माणूस मनात एक नोंद करतो: फाटक पडले म्हणजे गाडी येते. फाटक पडून वीस मिनिटे काहीच आले नाही, असे दहादा झाले, तर वेगळी नोंद होते: फाटक पडले तरी गाडी येतेच असे नाही. मग सायकल आडवी करून दांड्याखालून जाणे सुरू होते, त्याच्यामागे शाळेची पोरे, त्यांच्यामागे डोक्यावर भारा घेतलेल्या बाया. ‘लांडगा आला रे’ची गोष्ट आपण मुलांना खोटे बोलू नये म्हणून सांगतो. त्या गोष्टीत खोटे बोलणाऱ्याची मेंढरे जातात, गावकऱ्यांचे काही जात नाही. फाटकावर उलट होते. खोटा इशारा यंत्र देते आणि जीव जातो तो विश्वास उडालेल्या गावकऱ्याचा. म्हणून इशारा उगाचच चालू राहिला तर ‘बिघाड झाला पण सुरक्षित बाजूने झाला’ हे तंत्रज्ञांचे समाधान मला अपुरे वाटते. त्या दिवसापुरते ते खरे असते. पण त्या दिवशी कमी झालेला विश्वास पुढच्या खऱ्या गाडीच्या वेळी हवा असतो.

इंग्लंडमधल्या एल्सनहॅम स्टेशनवर ३ डिसेंबर २००५ रोजी जे घडले त्यात हे फार स्पष्ट दिसते. तेरा आणि चौदा वर्षांच्या दोन मुली रूळ ओलांडून पलीकडच्या फलाटावर जात होत्या. लाल दिवा लागलेला होता, घंटा वाजत होती. एक गाडी आली, तरी घंटा थांबली नाही, कारण दुसरी गाडी येत होती. मुलींना तो इशारा आधीच्याच गाडीचा वाटला असावा. पादचाऱ्यांच्या फाटकाला कुलूप नव्हते. दुसऱ्या गाडीखाली दोघी गेल्या. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. बिघडले होते ते यंत्र आणि माणूस यांच्यातले बोलणे. या धोक्याची जाणीव देणारी रेल्वेचीच कागदपत्रे वर्षानुवर्षे उजेडात आली नव्हती, आणि त्या मुलींच्या पालकांनी पाठपुरावा सोडला नाही म्हणून २०१२ मध्ये तिथल्या नेटवर्क रेल या संस्थेला दहा लाख पौंडांचा दंड झाला.

त्याआधी ६ जानेवारी १९६८ रोजी त्याच देशात हिक्सन येथे १२० टनी ट्रान्सफॉर्मर वाहणारे एक अवजड वाहन स्वयंचलित फाटकावर हळूहळू सरकत होते. पुढे पोलिसांची गाडी होती. यंत्राने गाडी येण्याआधी २४ सेकंदांचा इशारा चोख दिला, आणि तेवढ्यात ते वाहन बाहेर पडणे शक्यच नव्हते. अकरा माणसे मेली. फाटकाजवळ सिग्नलमनशी बोलण्यासाठी टेलिफोन होता, संथ वाहनांनी आधी फोन करावा अशी सूचनाही लिहिलेली होती. ती योग्य माणसांपर्यंत पोचलीच नव्हती. अमेरिकेने या विषयाचा कायदाच वेगळ्या बाजूने लिहिला. तिथल्या नियमांत इशारा न वाजणे, अर्धवट वाजणे आणि विनाकारण वाजत राहणे हे तिन्ही बिघाडच मानले आहेत. प्रत्येक फाटकावर त्याचा क्रमांक आणि फोन नंबर असलेली निळी पाटी लावण्याची सक्ती २०१२ च्या नियमाने झाली आणि सप्टेंबर २०१५ पासून ती पुरी लागू झाली. फोन आला की रेल्वे कंपनीने येणाऱ्या गाड्यांना आणि पोलिसांना कळवायचे, हे बंधनकारक आहे. तिथे अपघात होत नाहीत असे नाही. पण विनाकारण वाजणारी घंटा हा तिथे रस्त्यावरच्या माणसावर झालेला अन्याय म्हणून नोंदला जातो, आणि मला त्यातला हा विचार घेण्यासारखा वाटतो.

आपल्याकडचे मोठे अपघात बहुधा उलट्या बाजूचे असतात, म्हणजे इशारा न मिळाल्याचे. याच नागपूर विभागात, कन्हान-रामटेक मार्गावर, ३ फेब्रुवारी २००५ रोजी बिनपहाऱ्याच्या फाटकावर वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली गाडीखाली आली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. तिथे घंटा नव्हती, दांडा नव्हता, कुणी हात वर करणाराही नव्हता. ब्रॉडगेजवरची अशी सारी बिनपहाऱ्याची फाटके जानेवारी २०१९ अखेर संपवण्यात आली, आणि भारतीय रेल्वेच्या अलीकडच्या कामांतले हे एक खरोखर मोठे काम आहे. तरी ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पम येथे शाळेच्या व्हॅनला गाडीने धडक दिली आणि तीन विद्यार्थी गेले. तिथे गेटमन होता, पण गाडी आली तेव्हा फाटक उघडे होते आणि त्याला इंटरलॉकिंग नव्हते. इंटरलॉकिंग म्हणजे फाटक बंद होऊन कुलूप पडल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल मिळूच नये अशी जोडणी. ती नसेल तर स्टेशन मास्तर फोनवर विचारतो, गेटमन फाटक बंद केल्याचे सांगतो, दोघे एकमेकांना खासगी क्रमांक देऊन वहीत लिहितात, आणि सारी सुरक्षा त्या दोन वाक्यांवर तोलून धरलेली असते. देशात पहाऱ्याची सुमारे १७ हजार फाटके आहेत. त्यांतल्या ११ हजारांहून थोड्या अधिक फाटकांना इंटरलॉकिंग आहे. सेम्मनकुप्पमनंतर रेल्वेने त्यासाठीची वाहतुकीची अट निम्म्यावर आणली, २० हजार टीव्हीयूची १० हजार केली. टीव्हीयू म्हणजे फाटकावरून जाणाऱ्या गाड्या आणि वाहने यांचा गुणाकार. दहा हजारांच्या खाली कुठले रस्ते उरतात? खेड्यांचे. जिथे गेटमन एकटा असतो आणि रात्र लांब असते, तिथले.

इंटरलॉकिंगची मागणी करणाऱ्याने बहानगा मात्र विसरू नये. २ जून २०२३ रोजी ओडिशातल्या बालासोरजवळ, बहानगा येथे, कोरोमंडल एक्सप्रेस उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक प्रवासी गेले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत मूळ सापडले ते सिग्नलच्या गुमटीत. त्या ठिकाणी तारांची जोडणी पूर्वी कधीतरी चुकीने बदललेली होती, आणि ९४ क्रमांकाच्या फाटकाचा विजेवर चालणारा दांडा बदलण्याचे काम चालू असताना ती चूक उफाळून वर आली. सिग्नल हिरवा होता आणि सांधा दुसऱ्याच रुळाकडे वळलेला होता. त्याच खरगपूर विभागात वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, अशाच चुकीच्या जोडणीची घटना घडून गेली होती. शंका आली की लाल, हे रॉबिन्सनचे तत्त्व इथे तारेने मोडले नाही. घाईत केलेल्या आणि पुन्हा न तपासलेल्या दुरुस्तीने मोडले. म्हणून बिघडलेल्या फाटकापुढे ताटकळलेल्या लोकांना लवकर मोकळे करा, हे म्हणणे मी जपून मांडतो. सिग्नलच्या माणसावर गर्दीचा आणि वरिष्ठांचा दबाव आला की तपासणीची पायरी गाळली जाते. लोकांना कारण आणि वेळ सांगितली तर हा दबाव निम्मा तरी उतरतो. ज्याला अर्धा तास लागणार हे कळले आहे तो चहा पितो किंवा दुसरा रस्ता धरतो. ज्याला काहीच कळलेले नाही तो गेटमनच्या अंगावर धावून जातो.

यावर पहिला आक्षेप येतो तो शिस्तीचा. लोकच बेशिस्त आहेत, दांड्याखालून वाकून जाणाऱ्याला यंत्राने काय करावे? या आक्षेपात तथ्य आहे. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगरला शाळेच्या व्हॅनमधली १३ मुले गेली तेव्हा चालकाच्या कानात इअरफोन असल्याचे सांगितले गेले. दंड हवा, तो वसूलही व्हावा. पण शिस्त हा लोकांच्या रक्तातला गुण किंवा दोष नाही. तोच माणूस दोन मिनिटे थांबतो आणि विसाव्या मिनिटाला वाकतो. त्या अठरा मिनिटांत त्याचा स्वभाव बदललेला नसतो, त्याचा अंदाज बदललेला असतो. कायद्याला त्याने केलेला अंदाज दिसत नाही, फक्त वाकलेली पाठ दिसते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. फाटकेच नाहीशी करा, उड्डाणपूल बांधा, मग घंटेच्या पतीची चर्चा कशाला? डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये हेच सांगितले होते: पाच वर्षांत देशातली सगळी फाटके काढा, खर्च सुमारे ५० हजार कोटी. ती शिफारस मला पूर्ण मान्य आहे, आणि ती पाच वर्षे कधीच उलटून गेली आहेत. सतरा हजार फाटके अजून रोज पडतात आणि उठतात. शिवाय फाटकाच्या जागी काय येते तेही पाहिले पाहिजे. लहान रस्त्यांवर उड्डाणपूल येत नाही, येतो कमी उंचीचा भुयारी मार्ग. वैनगंगा-बाघेच्या खोऱ्यातला भाग हा तळ्यांचा आणि तुंबवलेल्या बांध्यांचा. इथे पावसाळ्यात जमिनीखाली खणलेल्या रस्त्यात पाणी साचणे ठरलेलेच. भुयारी मार्ग कमरेएवढ्या पाण्याने भरला की माणसे बैलांसह रुळांवर चढतात. तिथे आता गेटमन नाही, घंटा नाही, सिग्नलशी जोडणीही नाही. कागदावरून पुसलेले फाटक प्रत्यक्षात बिनपहाऱ्याचे होऊन परत येते. पाणी उपसण्याची सोय आणि तिची जबाबदारी ठरल्याशिवाय फाटक बंद करणे मला धोक्याचे वाटते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. ‘बिघाड’ अशी पाटी फाटकावर लावली तर लोक समजतील गाडी नाही, आणि बिनधास्त घुसतील. हे खरेच घडू शकते. म्हणून बिघाडांत फरक करायला हवा. दांडा ट्रकच्या धडकेने मोडला आणि फाटक बंदच होत नाही, अशा वेळी इंटरलॉकिंग असलेल्या ठिकाणी सिग्नल लालच राहतो; गाडी थांबते, गेटमन साखळी लावतो आणि हाताच्या इशाऱ्याने गाडी काढतो. फाटक उघडतच नाही तेव्हा मात्र गाड्या पूर्ण वेगाने जात असू शकतात, आणि त्या वेळचा खोटा धीर जीवघेणा. तेव्हा पाटीवर ‘बिघाड’ एवढेच लिहून भागणार नाही. ‘फाटक अडकले आहे, गाड्या चालू आहेत, पर्यायी रस्ता अमुक’ असे लिहावे लागेल. आणि जिथे इंटरलॉकिंग नाही तिथे पाटीपेक्षा आधी इंटरलॉकिंगच हवे, कारण तिथे पाटी खरी बोलेल याची हमी देणारे यंत्रच नाही. लोकांना एवढा तपशील कळणार नाही असे म्हणणे मला पटत नाही. कालव्याला पाणी केव्हा सुटणार आणि कुठल्या फाट्यावर अडले आहे, याचा बारीक हिशेब ठेवणारी ही माणसे आहेत.

आता परत राजेगावच्या सीमेवर उभ्या राहिलेल्या प्रश्नाकडे: फाटकाची जबाबदारी कुणाची? ती वाटली गेली की काय होते त्याचे एक उदाहरण. २५ ऑक्टोबर १९९५ रोजी अमेरिकेत फॉक्स रिव्हर ग्रोव्ह येथे शाळेची बस रूळ ओलांडून चौकातल्या लाल दिव्यापाशी थांबली. तिचा मागचा भाग रुळांवरच राहिला आणि गाडीच्या धडकेत सात विद्यार्थी गेले. रेल्वेचा इशारा रेल्वेच्या ताब्यात, चौकातला दिवा रस्ता विभागाच्या ताब्यात. चौक मोकळा व्हायला किती सेकंदे लागतात याचा मेळ दोघांनी मिळून बसवलेला नव्हता. सीमेवरच्या आपल्या पट्ट्यात तर रस्त्याचेच दोन मालक आहेत. बाघेच्या अलीकडच्या फाटकासाठी गोंदियाचे पोलीस, पलीकडच्या फाटकासाठी बालाघाटचे, आणि रुळांसाठी नागपूर. रेल्वेचा १३९ हा मदत क्रमांक आखला आहे तो प्रवाशांसाठी. बैलगाडी घेऊन फाटकावर उभ्या असलेल्याकडे तिकीट नसते. हवी आहे ती एकच पाटी, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, मराठीत आणि हिंदीत, अंधारात चमकेल अशा रंगात: फाटकाचा क्रमांक आणि थेट विभागाच्या नियंत्रण कक्षात वाजणारा फोन. आलेला प्रत्येक फोन वहीत चढावा, फाटक किती मिनिटे बंद राहिले ते दर महिन्याला दोन्हीकडच्या ग्रामपंचायतींना कळावे. खर्च म्हणाल तर एका उड्डाणपुलाच्या पैशात पूर्ण विभागाच्या पाट्या होतील.

हे लवकर व्हायला हवे याला एक कारण आहे. गोंदिया-बल्लारशा मार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी दिली. उत्तरेकडून जबलपूर-बालाघाटमार्गे येणारी वाहतूक त्यामुळे वाढेल आणि आज ना उद्या बालाघाटच्या बाजूलाही दुसरा रूळ येईल. सव्वाशे वर्षे या भागातले लोक एकेरी मार्ग ओलांडत आले आहेत. गाडी गेली की रूळ मोकळा, हे त्यांचे अनुभवाने पक्के झालेले ज्ञान आहे आणि आजवर ते खरेही ठरले. दुसरा रूळ पडला की एक गाडी डोळ्यांसमोरून गेल्यावरही फाटक उठणार नाही, घंटा वाजतच राहील, आणि ती खरी असेल.